भिंत कोणाची, गोष्ट कोणाची?

शनिवार सकाळ. बाहेर मेलबर्नचा नेहमीचा रडका पाऊस, हातात आल्याचा चहा आणि डोक्यात गेले काही महिने घोळणारा एक विषय. आज लिहूनच टाकतो.

तर झालं असं. आम्ही राहतो त्या पूर्वेकडच्या उपनगरात कौन्सिलचा एक कम्युनिटी हॉल होता. होता म्हणजे पाडला. आमच्या मंडळाचा गणपती, कोजागिरी, मुलांची रविवारची मराठी शाळा सगळं तिथेच व्हायचं. शिवाय ग्रीक आजोबांचा पत्त्यांचा अड्डा, चिनी आज्यांचं ताई-ची, एक नाटकाचा ग्रुप, असा सगळा गोतावळा. कौन्सिलनं नवीन इमारत बांधायला घेतली आणि हॉल वापरणाऱ्यांची एक समिती नेमली. मंडळाच्या काकांनी माझं नाव पुढे केलं. कारण काय, तर "तू इंजिनियर आहेस, तुला ड्रॉइंग कळतं." (मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे हे काकांना किमान सात वेळा सांगून झालंय.)

मार्चमधली मीटिंग. पार्किंगवर पाऊण तास भांडण, किचनच्या ओट्याच्या उंचीवर वीस मिनिटं आणि मग शेवटी अजेंड्यावर एक ओळ : 'दर्शनी भिंत, अ‍ॅबोरिजिनल कलाकृती'. आर्किटेक्टनं दर्शनी भागाला धातूचे मोठे पत्रे लावले होते. त्यात लेझरनं नक्षी कापायची, रात्री मागून दिवे लागणार, एकदम झकास दिसणार. बिल्डरला एप्रिलअखेर नक्षीची फाइल हवी होती. म्हणजे पत्रे वेळेत कापून येतील, ऑगस्टमध्ये उद्घाटन आणि गणपती नव्या हॉलमध्ये!

मी उत्साहात बोलून गेलो, "ते ठिपक्या-ठिपक्यांचं असतं ना, एअरपोर्टवर दिसतं तसं, ते छान दिसेल पत्र्यावर. भोकंच तर पाडायची आहेत."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक वुरुंजेरी आजी बसल्या होत्या. कौन्सिलनं त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. सगळे त्यांना 'आंटी' म्हणत होते. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना आंटी-अंकल म्हणतात, अगदी आपल्या काका-मावशीसारखं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ठिपके आमचे नाहीत, बाळा."

मी गप्प!

घरी येऊन वाचायला बसलो आणि माझ्या अज्ञानाची खोली कळली. ठिपक्यांची चित्रं म्हणून जगाला जे माहीत आहे ते वाळवंटातलं, मध्य ऑस्ट्रेलियातलं. १९७१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचा शाळामास्तर होता. त्याच्या प्रोत्साहनानं तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची गोष्ट रंगवली. १९७२ मध्ये 'पापुन्या तुला' ही कलाकारांची स्वतःच्या मालकीची कंपनी उभी राहिली आणि पुढे ती चित्रं जगभर गेली. पापुन्या आमच्या उपनगरापासून साधारण दोन हजार किलोमीटर. मेलबर्नच्या आसपासच्या कुलिन लोकांची चित्रभाषा वेगळीच आहे. ढालींवर कोरलेल्या रेघा, हिऱ्याच्या आकाराच्या चौकटी, पोसमच्या कातड्यांच्या झग्यांवर कोरलेली चिन्हं. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये अजून तिसरंच : बारीक रेघांची जाळी.

म्हणजे मी काय केलं होतं? डहाणूच्या वारली चित्रकारासमोर बसून म्हटलं होतं, "ते मधुबनी काढा ना, आपल्याकडचंच आहे!"

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, ठिपके नाही तर रेघा. स्थानिक कलाकार गाठा, फाइल घ्या, विषय संपवा. मलाही तसंच वाटलं होतं. पण खरी मेख पुढे आहे.

आपण आयटीवाले लोक कुठल्याही गोष्टीकडे डिलिव्हरेबल म्हणून बघतो. रिक्वायरमेंट दिली, पैसे दिले, फाइल मिळाली, साइन-ऑफ. इथे मात्र चित्र म्हणजे नुसतं चित्र नसतं. ती एखाद्या जागेची, एखाद्या कुळाची गोष्ट असते. ती कोणी सांगायची, कोणी काढायची, कोणी बघायची याचे नियम असतात. कलाकाराच्या हातात कुंचला असतो, पण गोष्ट त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते.

हे न कळल्यामुळे ऑस्ट्रेलियानं काय काय घोळ घातलेत बघा. १९६६ मध्ये डॉलर आला तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या आर्नहेम लँडच्या चित्रकाराचं चित्र छापलं. त्याला न विचारता! देशाच्या रिझर्व्ह बँकेनं! नंतर लक्षात आलं तेव्हा त्याला १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. एका देशाच्या खिशाखिशात ज्याचं चित्र, त्याला गळ आणि दोरी.

दुसरी गोष्ट गालिच्यांची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पर्थच्या एका कंपनीनं अ‍ॅबोरिजिनल चित्रांची नक्कल करून व्हिएतनाममध्ये लोकरीचे गालिचे विणून आणले. १९९४ मध्ये कोर्टानं १,८८,६४० डॉलर भरपाई द्यायला सांगितली. पण मला त्या खटल्यात पैशापेक्षा दुसरी गोष्ट चटका लावून गेली. बंडुक मरीका या कलाकार बाईचं म्हणणं असं होतं, की चोरी दुसऱ्यानं केली तरी कुळापुढे जबाब मलाच द्यावा लागतो, कारण ती गोष्ट माझ्या हाती विश्वासानं दिलेली होती. तिच्या पवित्र जागेची गोष्ट लोक पायाखाली तुडवणार होते हो! गणपतीचं चित्र पायपुसण्यावर छापलं तर आपल्याकडे काय होईल, याचा विचार करा.

१९९८ मध्ये बुलुन बुलुन यांच्या खटल्यात फेडरल कोर्टानं हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं. कॉपीराइट चित्रकाराचा, कुळाचा नाही. पण चित्रकार आपल्या कुळाशी विश्वासानं बांधलेला आहे, त्यांच्या हिताविरुद्ध तो ते चित्र वापरू शकत नाही. म्हणजे ज्याच्याशी आपण करार करतो, त्यालाही वरती कोणीतरी विचारणारं असतं. ज्यानं कधी ओपन सोर्स लायब्ररी आपल्या प्रॉडक्टमध्ये घातली आहे त्याला हे पटकन कळेल. कोड समोर दिसतोय, कॉपी करता येतोय, म्हणून तो आपला होत नाही. लायसन्स वाचावं लागतं. फरक इतकाच, की हे लायसन्स कुठल्या फाइलमध्ये नसतं. ते माणसांकडे असतं. आणि माणसांना विचारायला वेळ लागतो.

पुन्हा आमच्या मीटिंगकडे.

पुढच्या मीटिंगला दोन पर्याय होते. पहिला : एक डिझाइन कंपनी आठ दिवसांत 'त्या धर्तीची' नक्षी देणार होती. स्वस्त, वेळेत, कटकट नाही. दुसरा : वुरुंजेरी संस्थेमार्फत त्यांच्यातल्या कलाकारांना बोलवायचं, निवड करायची, कलाकारानं वडीलधाऱ्यांशी बोलून गोष्ट ठरवायची, मग चित्र, मग ते पत्र्यात कसं उतरेल ते बघायचं. किमान तीन महिने जास्त. म्हणजे गणपती नव्या हॉलमध्ये नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं आणि जो गदारोळ झाला, तो विचारू नका. काका म्हणाले, "अरे, भिंत आहे ती! आत हॉल तयार आहे ना? नक्षीसाठी अडीचशे माणसांचा गणपती अडवायचा?" दुसरे एकजण म्हणाले, "२०२३ च्या सार्वमतात साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आता आपण कशाला जास्तीचे लाड करायचे?" तिसऱ्या वहिनींचा मुद्दा जास्त टोचणारा होता : "एक नक्षी लावून त्यांचं काय भलं होणार? कौन्सिलला फोटो मिळणार, बस."

यातलं काहीच मला मूर्खपणाचं वाटत नाही. वहिनींचं तर बरंचसं खरंच आहे. शोभेसाठी भिंत रंगवायची, उद्घाटनाला एखाद्या आंटीला दोन शब्द बोलायला लावायचं, फीत कापायची आणि नंतर पाच वर्षं कोणी विचारायचं नाही, असे प्रकार होतात. पण म्हणूनच मला वाटतं, की कमिशन करायचं तर नीट करायचं, नाहीतर भिंत कोरी ठेवावी. खोट्या नक्षीपेक्षा कोरा पत्रा जास्त प्रामाणिक आहे. इथे विकल्या जाणाऱ्या 'अ‍ॅबोरिजिनल' भेटवस्तूंपैकी निम्म्याहून जास्त माल त्यांनी बनवलेलाच नसतो, असं २०२२ मध्ये सरकारच्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं सांगितलं. आमचा हॉल म्हणजे असाच एक मोठ्ठा फ्रिज मॅग्नेट होणार होता.

आणि सार्वमताचं म्हणाल, तर ते राज्यघटनेबद्दल होतं. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी की न विचारता, यावर कोणीही मत मागितलं नव्हतं.

मग 'नीट' म्हणजे काय? गेल्या चार महिन्यांत मला जे कळलं ते असं.

पहिलं, आधी विचारा. भिंत कुठे, पत्रा की वीट, हे सगळं ठरवून झाल्यावर कलाकाराला बोलावणं म्हणजे कोड फ्रीझ झाल्यावर युजरला रिक्वायरमेंट विचारणं. यारा नदीकाठी बिरारंग मार पार्कमध्ये २००६ सालचं 'बिरारंग विलाम' नावाचं काम आहे, मेलबर्नकरांनी जरूर बघावं. विकी कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रियाना हॅम यांनी इतर कलाकारांच्या साथीनं केलेलं. तिथली वाट ईल माशासारखी वळत जाते, कारण ईल हे या नदीकाठच्या लोकांचं अन्न. तिथे कला भिंतीवर चिकटवलेली नाही, तुम्ही तिच्यावरून चालता. जमिनीचा आराखडा आणि गोष्ट एकत्र जन्मल्या तरच हे जमतं.

दुसरं, विचारण्याचे पैसे द्या. आंटी तीन मीटिंगला आल्या, प्रत्येक वेळी दीड तासाचा प्रवास. आमच्या आर्किटेक्टच्या प्रत्येक तासाचं बिल लागतं. मग आंटींचं ज्ञान फुकट का? ज्या कलाकारांकडून कच्ची कल्पना मागवली, पण निवडली नाही, त्यांनाही त्या कामाचे पैसे द्यायचे असं शेवटी ठरलं.

तिसरं, गोष्ट त्यांना ठरवू द्या आणि सगळं समजलंच पाहिजे हा हट्ट सोडा. शेजारच्या पाटीवर पूर्ण अर्थ लिहिणार ना, असं मी विचारलं होतं. आंटी म्हणाल्या, जेवढा सांगण्यासारखा आहे तेवढा लिहू.

चौथं, चित्र विकत घेतलं म्हणजे हक्क विकत घेतले असं नाही. इथे मी स्वतः दुसऱ्यांदा शेण खाल्लं. निवडलेल्या कलाकार मुलीनं समितीला पहिलं कच्चं रेखाटन पाठवलं. मला ते इतकं आवडलं, की मी मंडळाच्या वर्गणीच्या पत्रकाला तेच मागे लावलं, वर बाप्पा, 'लवकरच नव्या वास्तूत' वगैरे. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला, चार ओळींचा. हे रेखाटन अजून माझ्या घरच्या मोठ्यांनी पाहिलेलं नाही. त्यांच्याआधी ते अडीचशे लोकांच्या फोनवर गेलं. आता त्यांना काय सांगू?

मी दिवसभर त्या मेलकडे बघत बसलो. आदल्याच आठवड्यात मी टीममधल्या एका पोराला लायसन्स न बघता कोड उचलल्याबद्दल झापलं होतं! गालिच्यांची गोष्ट वाचून मी केवढा हळहळलो होतो, आणि माझं पत्रक म्हणजे गालिचाच होता, फक्त छोटा. पत्रक मागे घेतलं, प्रत्येकाला मेसेज करून काढायला लावलं, तिला फोन करून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी विचार." आता करारात स्पष्ट लिहिलंय : कॉपीराइट तिचा, कौन्सिलला इमारतीवर आणि इमारतीच्या माहितीपत्रकात वापरायची परवानगी, बाकी प्रत्येक वेळी विचारायचं. आमच्या गणपतीच्या पत्रकासकट.

पाचवं, पुढे काय होणार ते आजच लिहा. पापुन्याच्या शाळेची ती भिंत, जिथून एवढं सगळं सुरू झालं, ती काही वर्षांतच रंग फासून पुसून टाकली गेली. आपल्याकडेही हेच. अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं. त्यांना न विचारता. न्याय मिळायला २००५ उजाडलं : पाच लाख भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत. ऑस्ट्रेलियात २००० पासून कलाकाराच्या नैतिक हक्कांचा कायदा आहे. पण कायद्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा, पत्रे कोण पुसणार, गंजले तर कोण बदलणार, इमारत पाडायची झाली तर कोणाला आधी फोन करायचा, हे करारातच असलेलं बरं.

हे सगळं लिहिताना मला सारखी वारली चित्रं आठवत होती. लग्नघरात सवाष्णींनी भिंतीवर काढायचा चौक, त्यात पालघाट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. आज तीच माणसं आणि तोच तारपा नाच आपल्या कुर्त्यांवर, मगवर, सोसायटीच्या कंपाउंडवर आहेत. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय टॅगही मिळाला. पण पुण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात जी वारली चित्रं आहेत, ती डिस्टेंपर मारणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरनं स्टेन्सिलनं काढलेली आहेत. मी त्या समितीतही होतो. तेव्हा कोणाला काही विचारायचं असतं हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मेलबर्नमध्ये शहाणपणा शिकवायला निघालेल्या माझ्यासारख्याची ही पार्श्वभूमी. असो.

तर समितीत मतदान झालं. मी दुसऱ्या पर्यायाला मत दिलं. मंडळाला विचारून दिलं नाही, हे काकांना लागलं आणि त्यांचा राग रास्त आहे. प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. दुसऱ्यांना विचारून करा म्हणणारा मी, घरच्यांना मात्र न विचारता मोकळा झालो. दुसरा पर्याय एका मतानं पास झाला. काका तीन आठवडे माझ्याशी फक्त हॉलच्या किल्ल्यांपुरतं बोलले.

जूनमध्ये पुन्हा काम थांबलं. कलाकार मुलीच्या कुटुंबात एक मोठे गृहस्थ गेले. त्यांच्यात अशा वेळी सगळं बंद ठेवतात, 'सॉरी बिझनेस' म्हणतात त्याला. मीटिंगा नाहीत, काम नाही, किती दिवस ते विचारायचंही नाही. बिल्डर वैतागला. आता काका काय म्हणतील या धास्तीनंच मी त्यांच्या घरी गेलो आणि घाबरत घाबरत सांगितलं.

काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सुतक आहे त्यांच्याकडे."

"हो काका."

"मग शुभकार्याची घाई कसली करतोस? त्या बिल्डरला सांग, सुतकात गणपतीसुद्धा पुढे ढकलतात म्हणावं." आणि आत वळून काकूंना म्हणाले, "अगं, याला चहा टाक."

पुढच्या महिन्यात आमचा गणपती शाळेच्या जिममध्ये बसणार आहे. बास्केटबॉलच्या रिंगखाली मखर, घामाचा वास, पार्किंगची बोंब. वर्गणी थोडी कमीच जमली आहे, आणि त्याचं खापर माझ्यावर फुटतं आहे. हॉल आतून जवळपास तयार आहे, समोर पत्र्यांच्या जागी निळी ताडपत्री फडफडते आहे. परवा काकांना घेऊन तिथे गेलो होतो. पावसात छत्री धरून ते ताडपत्रीकडे बघत उभे राहिले.

"तर मग इथे नक्की काय येणार आहे?"

"माहीत नाही काका. त्यांचं ठरलं की सांगतील."

"बरं," काका म्हणाले. "सांगितलं की मला फोन कर."